लशीमागचा पैसा: कधी आला, कोणत्या अटींवर आला

मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन आणि खाटांसाठी धावाधाव चालू असताना, केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात एक प्रतिज्ञापत्र सादर केले. कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिनच्या संशोधनासाठी वा विकासासाठी सरकारने कसलेही अनुदान दिलेले नाही, असे त्यात म्हटले होते. चाचण्यांपुरता खर्च भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, केला होता. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात २२ केंद्रांवर २५,८०० स्वयंसेवक होते. त्यासाठी ३५ कोटी रुपये. कोव्हिशील्डची भारतातली चाचणी १४ केंद्रांवर १,६०० जणांवर झाली. तिला ११ कोटी. दोन्ही मिळून ४६ कोटी. त्याच साथीत अमेरिकी सरकारने मॉडर्ना या एकट्या कंपनीला लस विकसित करण्यासाठी ९५ कोटी ५० लाख डॉलर दिले होते. तेव्हाच्या दराने ही रक्कम सात हजार कोटी रुपयांच्या आसपास जाते.

आपण गरीब, ते श्रीमंत, एवढे म्हणून या तफावतीपुढे थांबणे मला मान्य नाही. भारताने २०२१-२२च्या अर्थसंकल्पात लसीकरणासाठी ३५,००० कोटी रुपये ठेवले होते. पैसा होता. तो संशोधनाच्या वेळी पुढे आला नाही, खरेदीच्या वेळी आला. शिवाय ४६ कोटींचा तो हिशेबही अपुरा आहे, कारण त्यात पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, आपली एनआयव्ही, मोजलेलीच नाही.

कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू मार्च २०२० मध्ये एनआयव्हीने वेगळा केला. तो वाढवून, तपासून, त्याची जनुकीय ओळख पटवून भारत बायोटेक कंपनीच्या हाती दिला. प्राण्यांवरच्या चाचण्या एनआयव्हीने पार पाडल्या. त्यासाठी लागणारी ऱ्हीसस माकडे टाळेबंदीत मिळेनात. वस्त्यांमधले खाणे बंद झाल्याने ती रानात आत गेली होती. शेवटी महाराष्ट्राच्या वन विभागाच्या मदतीने ती नागपूरच्या बाजूला सापडली. अतिधोकादायक विषाणू हाताळण्याची चौथ्या सुरक्षा स्तराची प्रयोगशाळा पुण्यात २०१२ सालापासून उभी होती. आणि संस्थेचे मूळ तर १९५२ सालचे. आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ती सुरू केली. सत्तर वर्षांचे पगार, इमारती, प्रशिक्षण, शीतगृहातले नमुने हे सगळे बहुतांशी सार्वजनिक पैशावर उभे राहिले. ‘अनुदान दिले नाही’ या वाक्यात यातले काहीच येत नाही. म्हणूनच साथीतल्या लससंशोधनावर सरकारने किती खर्च केला, या प्रश्नाआधी मला दुसरे तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात: पैसा कधी आला, धोका कोणी पत्करला, आणि बदल्यात जनतेच्या हाती काय पडले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर साथीच्या आधीच्या वर्षांत शोधावे लागते. कोरोनाची लस वर्षभरात आली, या वाक्याने बऱ्याच लोकांच्या मनात संशय पेरला. पण मागचे सगळे काम वर्षभरात झालेले नव्हते. विषाणूची जनुकीय माहिती जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली आणि १६ मार्चला सिएटलमध्ये पहिल्या स्वयंसेवकाला मॉडर्नाची लस टोचली गेली. हे शक्य झाले, कारण विषाणूच्या अंगावरचे काटेरी प्रथिन लशीत नेमक्या कोणत्या आकारात धरून ठेवायचे, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमधल्या बार्नी ग्रॅहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मर्ससारख्या विषाणूंवर काम करताना आधीच शोधून ठेवले होते. ही लस ज्यावर बेतलेली होती ते एमआरएनए शरीरात सोडले की होणारा दाह कसा टाळायचा, हे कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ साली दाखवून दिले. त्या कारिकोबाईंना १९९० च्या दशकात अनुदाने मिळत नव्हती आणि विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर ढकलले होते. २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला: एमआरएनए कोरोना लशींवर अमेरिकी सरकारने किमान ३,१९० कोटी डॉलर घातले, त्यांपैकी साथीआधीच्या साडेतीन दशकांत ३३ कोटी ७० लाख. म्हणजे जवळपास एक टक्का. उरलेले बहुतेक पैसे तयार लस विकत घेण्यात गेले. त्या एका टक्क्यावाचून बाकीच्या नव्याण्णवांना विकत घेण्यासारखे काहीच उरले नसते.

शांततेच्या वर्षांत पैसा आटला की काय होते, याची उदाहरणेही कमी नाहीत. सार्सची साथ २००३ साली आली आणि ओसरली. टेक्सासमधल्या पीटर होटेझ आणि मारिया एलेना बोटाझी यांच्या गटाकडे २०१६ च्या सुमारास सार्सची लस माणसांवरील चाचणीच्या उंबरठ्यावर तयार होती. तेव्हा तिच्यासाठी कोणी पैसे द्यायला तयार नव्हते; सार्स कुठे उरला होता? चार वर्षांनी त्याचा चुलतभाऊ जगभर पसरला. इबोलाची गोष्ट याहून वेदनादायक आहे. कॅनडाच्या विनिपेगमधल्या सरकारी प्रयोगशाळेने इबोलाची लस शोधली. ती वर्षानुवर्षे पडून राहिली. २०१० मध्ये तिचे हक्क एका छोट्या कंपनीला दोन लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास किमतीत दिले गेले. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत साथ भडकल्यावर त्याच कंपनीने ते हक्क मर्क या औषधकंपनीला पाच कोटी डॉलरला विकले. त्या साथीत अकरा हजारांहून अधिक माणसे मेली. लस गुणकारी आहे हे २०१५ साली गिनीतल्या चाचणीत सिद्ध झाले, तोवर साथ उतरणीला लागली होती. याच अनुभवातून जानेवारी २०१७ मध्ये दावोसला ‘सेपी’ ही आंतरराष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. बाजाराला ज्यात रस नाही अशा साथरोगांच्या लशी आधीच तयार ठेवायच्या, हे तिचे काम. तिच्या संस्थापकांत नॉर्वेबरोबर भारत सरकारही होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

दुसरा प्रश्न धोक्याचा. लस बनवण्याची नेहमीची रीत सावध असते. पहिला टप्पा पार पडला की दुसऱ्यासाठी पैसे, दुसरा पार पडला की तिसऱ्यासाठी, आणि परवाना हाती आल्यावरच मोठा कारखाना. यात दहा वर्षे सहज जातात, कारण प्रत्येक पायरीवर कंपनी आपला तोटा आवरत असते. मे २०२० मध्ये अमेरिकेने जाहीर केलेल्या ‘ऑपरेशन वॉर्प स्पीड’ने ही रीत मोडली. सुरक्षिततेच्या चाचण्यांना फाटा दिला नाही. फक्त चाचण्या चालू असतानाच कारखाने उभारले, कुप्या भरल्या. लस निरुपयोगी ठरली तर तो माल फेकून देऊ, तोटा सरकार सोसेल, असा हा सौदा होता. नोव्हाव्हॅक्सला १६० कोटी डॉलर, अ‍ॅस्ट्राझेनेकाला १२० कोटींपर्यंत, सनोफी-ग्लॅक्सो जोडीला २१० कोटींपर्यंत. फायझरने संशोधनासाठी अमेरिकी पैसा घेतला नाही असे अभिमानाने सांगितले जाते. मात्र जुलै २०२० मध्येच दहा कोटी मात्रांसाठी १९५ कोटी डॉलरचा खरेदीकरार तिच्या हाती होता, आणि तिची भागीदार बायोएनटेक हिला जर्मन सरकारकडून ३७ कोटी ५० लाख युरोंपर्यंत मदत मंजूर झाली होती. हमखास गिऱ्हाईक आधीच उभे असणे हाही सार्वजनिक पैशाचाच आधार आहे.

यातले सगळे डाव यशस्वी झाले नाहीत. सनोफीची लस रखडली. जर्मन सरकारने ३० कोटी युरो देऊन क्युअरव्हॅक कंपनीचा सुमारे २३ टक्के हिस्सा घेतला होता. जून २०२१ मध्ये त्या लशीची परिणामकारकता पन्नास टक्क्यांच्याही खाली निघाली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाच्या लशीमुळे एचआयव्हीच्या तपासणीत चुकीचा ‘पॉझिटिव्ह’ निकाल येऊ लागला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सोडून द्यावी लागली. या पैशाला कोणी घोटाळा म्हटले नाही, आणि तेच योग्य होते. अनेक वाटांवर एकदम पैसा लावायचा आणि त्यातल्या काही वाटा बंद निघणार हे मान्य करायचे, एवढे धैर्य संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारकडे असावे लागते. आपल्या लेखापरीक्षणाच्या आणि दक्षता आयोगाच्या चौकटीत कोणता सचिव अशा कागदावर सही करील? भारतात संशोधनासाठीचा पैसा उशिरा येतो, त्यामागे कंजूषपणापेक्षा ही भीती मोठी आहे, असे मला वाटते.

ही भीती तारखांमध्ये दिसते. औषध नियंत्रकांनी ३ जानेवारी २०२१ ला दोन्ही लशींना मान्यता दिली. त्यानंतर आठवड्याभरात केंद्राने पहिली मागणी नोंदवली: कोव्हिशील्डच्या १ कोटी १० लाख मात्रा, प्रत्येकी २०० रुपयांना, आणि कोव्हॅक्सिनच्या ५५ लाख. त्यांपैकी साडेसोळा लाख मात्रा कंपनीने फुकट दिल्या. देशाची लोकसंख्या १३५ कोटींच्या पुढे. मान्यतेआधीच्या सात-आठ महिन्यांत हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्डच्या चार-पाच कोटी मात्रा बनवून ठेवल्या, त्या स्वतःच्या पैशावर आणि गेट्स फाउंडेशन व ‘गावी’ ही जागतिक लस आघाडी यांच्याकडून आलेल्या ३० कोटी डॉलरच्या जोरावर. त्या ३० कोटींच्या बदल्यात गरीब देशांना तीन डॉलरपेक्षा जास्त दराने लस विकायची नाही, अशी अट होती. खासगी उद्योगाने इथे धोका पत्करला, त्याचे श्रेय त्याला निःसंकोच द्यायला हवे. पण भारतीयांच्या लशीवरचा धोका सिएटलचे एक फाउंडेशन उचलते आणि भारत सरकार मान्यतेची वाट पाहते, हे चित्र काही भूषणावह नव्हते.

नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस केंद्राने ९०० कोटी रुपयांचे ‘मिशन कोविड सुरक्षा’ जाहीर केले. जैवतंत्रज्ञान विभागाने ते राबवले. झायडसची डीएनए लस, बायोलॉजिकल ई कंपनीची कोर्बेव्हॅक्स आणि पुण्याच्या जिनोव्हाची एमआरएनए लस, तिन्हींना जैवतंत्रज्ञान विभागाचा हात लागला, आणि तिन्ही लशींना पुढे मान्यताही मिळाली. जिनोव्हाची लस साध्या फ्रिजच्या, म्हणजे दोन ते आठ अंश तापमानात टिकते. उणे सत्तर अंशांच्या पेट्या आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना कधीच परवडल्या नसत्या, हे ओळखून केलेले ते काम होते. तिला मान्यता मिळाली जून २०२२ मध्ये. तोवर बहुतेक प्रौढांचे दोन डोस झाले होते. हे मिशन मे २०२० मध्ये आले असते तर काय झाले असते, याचा अंदाज कोणीही करावा.

याची एक छोटी पूर्वआवृत्ती पुणेकरांनी पाहिलेली आहे. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला. शाळा बंद, मॉल बंद, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा. सीरमने नाकात फवारायची लस बनवली आणि जुलै २०१० मध्ये बाजारात आणली. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक साथ संपल्याचे जाहीर केले. वरातीमागून घोडे. त्यानंतरच्या दहा वर्षांत ते घोडे वेळेवर सजवून उभे ठेवण्याची कायमची व्यवस्था आपण केली नाही. अमेरिकेने मात्र साथींच्या तयारीसाठी ‘बार्डा’ ही स्वतंत्र यंत्रणा २००६ सालीच कायद्याने उभी केली होती, म्हणून २०२० मध्ये करार करायला तिच्याकडे माणसेही होती आणि अधिकारही.

वास्तविक सरकारी पैशाने साथीच्या मध्यावर लस शोधण्याचा एक मोठा प्रयोग मुंबईतच झाला आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगाने मुंबई ओस पडू लागली तेव्हा सरकारने जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना बोलावून घेतले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन मदतनीस. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी लस स्वतःला टोचून घेतली. महिन्याअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली. त्याच वर्षी पुण्यात सरकार घरझडतीवर आणि सोजिरांवर किती ताकद खर्च करत होते, आणि त्याचे पर्यवसान कशात झाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. लस बनवण्याची जागा वाढवायला आधी आगाखान पुढे आले, त्यांनी आपला बंगला दिला. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये सरकारी प्लेग संशोधन प्रयोगशाळा १० ऑगस्ट १८९९ ला उघडली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एका बाटलीतल्या लशीमुळे १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ढकलून सरकारने हाफकिन यांना निलंबित केले. त्यांची निर्दोष मुक्तता व्हायला १९०७ साल उजाडले. संशोधकाला पैसा देणे सोपे असते. अपघात झाल्यावर चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याच्या पाठीशी उभे राहणे तेव्हाही जमले नाही.

हाफकिनचे नाव घेतलेली तीच परळची संस्था २०२१ च्या उन्हाळ्यात पुन्हा सरकारला आठवली. तिच्यातून निघालेल्या हाफकिन महामंडळाला कोव्हॅक्सिनच्या उत्पादनासाठी केंद्राने ६५ कोटी आणि महाराष्ट्राने ९४ कोटी रुपये देऊ केले. वर्षाला २२ कोटी ८० लाख मात्रा बनवायचे ठरले आणि तयारीला आठ महिन्यांची मुदत होती. दुसऱ्या लाटेला हे उपयोगी पडणे शक्यच नव्हते. याच्या तेरा वर्षे आधी, जानेवारी २००८ मध्ये, उत्पादनाचे निकष पाळले जात नाहीत या कारणाने कसौली, गिंडी आणि कुन्नूर इथल्या तीन सरकारी लसनिर्मिती संस्थांचे परवाने केंद्राने निलंबित केले होते. पुढे ते परत दिले. पण यंत्रे जुनी झाली आहेत तर ती नवी घ्यावीत, हा विचार आधी सुचायला हवा होता. सार्वजनिक कारखाना शांततेच्या काळात उपाशी ठेवायचा आणि संकटात त्याच्याकडून धावण्याची अपेक्षा करायची, यात त्या संस्थेतल्या कामगारांवर आणि शास्त्रज्ञांवर अन्याय होतो.

आता तिसरा प्रश्न: बदल्यात काय मिळाले? १ मे २०२१ पासून लागू झालेल्या धोरणात एकाच लशीला तीन भाव होते. कोव्हॅक्सिन केंद्राला १५० रुपयांना, राज्यांना आधी ६०० आणि मग ४०० ला, खासगी रुग्णालयांना १,२०० ला. आयसीएमआर जिच्या निर्मितीत भागीदार होती, ती लस राज्यांना कोव्हिशील्डपेक्षा महाग पडत होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलअखेरीस विचारले की लशीत घातलेला सार्वजनिक पैसा तिच्या किमतीत दिसतो का, आणि त्यानंतरच्या आदेशात १८ ते ४४ वयोगटासाठीचे हे धोरण सकृद्दर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवले. ७ जूनला पंतप्रधानांनी धोरण बदलल्याचे जाहीर केले. आयसीएमआरला निव्वळ विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी मिळत होती; जानेवारी २०२२ अखेरपर्यंत ती १७१ कोटींहून अधिक झाली. ३५ कोटी घालून १७१ कोटी परत आले, हा व्यवहार चांगलाच म्हणायचा, पण रॉयल्टी विक्रीवर ठरते. किंमत चढी ठेवण्यात सरकारी संस्थेचाही फायदा व्हावा, ही रचना मुळातच चुकीची आहे. जनतेच्या पैशाचा परतावा जनतेला स्वस्त लशीतून मिळाला पाहिजे. आणखी एक गोष्ट जून २०२४ मध्ये उघड झाली. कोव्हॅक्सिनच्या पेटंट अर्जांत आयसीएमआरचे नावच नव्हते. अनवधानाने राहून गेले, करार गोपनीय असल्याने तो पाहायला मिळाला नव्हता, असे कंपनीने सांगितले आणि नाव घालण्याची प्रक्रिया सुरू केली. सार्वजनिक संस्थेचा करार इतका गोपनीय का असावा, याचे उत्तर आयसीएमआरने द्यायला हवे होते.

अमेरिकेतही याच मुद्द्यावर भांडण झाले. मॉडर्नाने मुख्य पेटंट अर्जात सरकारी शास्त्रज्ञांची नावे घालायला नकार दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये काटेरी प्रथिनाच्या तंत्रासाठी तिने राष्ट्रीय आरोग्य संस्थांना ४० कोटी डॉलर दिल्याचे समोर आले. त्याच सुमारास लशीचा बाजारभाव ११० ते १३० डॉलर करण्याचा तिचा इरादा जाहीर झाला होता. पैसा ओतताना किंमत आणि तंत्रज्ञान यांच्या अटी घातल्या नाहीत, की श्रीमंत देशाचीही अशी अडवणूक होते. याउलट ऑक्सफर्डची लस, म्हणजे आपली कोव्हिशील्ड. तिच्या संशोधनातला जवळपास सगळा पैसा सार्वजनिक किंवा धर्मादाय होता, साथीपुरते नफा न घेण्याचे अ‍ॅस्ट्राझेनेकाने कबूल केले आणि तंत्रज्ञान पुण्याला आले. कोर्बेव्हॅक्स तर होटेझ-बोटाझी यांच्याच गटाची. त्यांनी पेटंट न घेता कृती देऊन टाकली. क्युबाने सरकारी प्रयोगशाळांतच लशी बनवल्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये दोन वर्षांच्या मुलांनाही टोचल्या. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत पेटंटसवलत मागितली, तिला अर्धेमुर्धे उत्तर मिळायला जून २०२२ उजाडला. जगाकडे हक्क मागणाऱ्या देशाने आपल्याच आयसीएमआरच्या करारात त्या अटी लिहून घ्यायला हव्या होत्या. कोव्हॅक्सिनची कृती पहिल्या दिवसापासून चार-पाच कारखान्यांना द्यायची, एवढे एक कलम मे २०२० मध्ये घातले असते, तर परळची तयारी वर्षभर आधी सुरू झाली असती.

सध्या वारे उलटे वाहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने बार्डाचे एमआरएनए लशींचे २२ प्रकल्प बंद केले. त्यांची किंमत जवळपास ५० कोटी डॉलर. ज्या तंत्राने २०२० मध्ये वाचवले, त्याचा साथीच्या तयारीतला आधार तिथेच काढून घेतला जात आहे. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्यांवर आहे. तिकडून पैसा येईल, आपण उत्पादन करू, हा आपला हिशेब यापुढे चालणार नाही.

शांततेच्या वर्षांतली परीक्षा आपल्या दारात चालूच आहे. माकडतापाचा, म्हणजे क्यासनूर जंगलातल्या तापाचा, विषाणू पुण्याच्या एनआयव्हीनेच १९५७ साली शोधला. गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आला, मग सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत. काजूच्या हंगामात बागेत जाणारी माणसे गोचिडांच्या चाव्यातून आजारी पडतात आणि काही दगावतात. कर्नाटकात वापरली जाणारी जुनी लस पुरेशी गुणकारी नसल्याने थांबवली गेली. रुग्ण थोडे, तेही बागायतदार आणि मजूर. कोणत्याही कंपनीला यात नफा दिसणार नाही. आयसीएमआर आता राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीबरोबर नवी लस तयार करत आहे. या करारात किंमत काय लिहिली आहे, कृती कोणाच्या मालकीची आहे आणि पैसा किती वर्षांसाठी बांधलेला आहे, हे सिंधुदुर्गातल्या लोकप्रतिनिधींनी आजच विचारावे.